सत्तर दिवसांचा खाडा

खाडा म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागतं, तो जन्मात कधी मेसला जेवलेला नाही असं खुशाल समजावं. ज्या दिवशी जेवायला यायचं नाही तो खाडा, आणि तो आदल्या दिवशी सांगायचा. शिक्रापूरच्या हायवेला लागून सविता आणि सीमाची मेस आहे, तिथं तर हे भिंतीवर रंगवूनच ठेवलंय: 'खाडा आदल्या दिवशी सांगावा. नंतर कुरकुर चालणार नाही.' पहिलं वाक्य सीमाचं, दुसरं सविताचं. स्वयंपाकघराच्या दारापाशी मोठं कॅलेंडर टांगलेलं असतं. ज्याचा खाडा असेल त्यानं त्या तारखेच्या चौकोनात आपल्या हातानं नाव लिहायचं. कुणी गावी जातं, कुणाला नाइट शिफ्ट लागते, कुणाचं पोट बिघडतं. कंपन्यांतली दीडशे पोरं, त्यामुळं कॅलेंडर महिनाअखेरीस नुसतं काळं होऊन जातं.

त्या कॅलेंडरवर एकोणीस वर्षांत सीमाचं नाव एकदाही लागलं नव्हतं. तापानं फणफणली असली तरी बाई खुर्चीवर बसून भाजी निवडायची. रविवारी संध्याकाळी मेस बंद, तेव्हा काय ती दौंडला आईकडं जाऊन यायची. एक जानेवारीला कोरेगाव भीमाला जायची, पण त्या दिवशी हायवेच बंद असतो, म्हणजे मेसही बंद. खाडा म्हणून तिनं कधी घेतलाच नाही.

म्हणून तर नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी सकाळी सविताच्या हातातलं पातेलं पडायचंच राहिलं. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर नुकतंच आणून टांगलं होतं. जानेवारीच्या बारा तारखेपासून त्याच्यावर लाल पेनानं रेघ मारलेली आणि वर मोठ्या अक्षरात 'बँकॉक!!' असं लिहिलेलं. आणि आता त्या रेघेच्या खाली, बाराच्या चौकोनात, सीमाच्या गोल गोल अक्षरात लिहिलं होतं: 'सीमा – खाडा'. तेराच्या चौकोनात तेच. चौदाच्या चौकोनात तेच. सवितानं पान उलटलं. सगळा फेब्रुवारी भरलेला. मार्च बावीस तारखेपर्यंत भरलेला. सत्तर चौकोनांत बाईनं सत्तर वेळा आपलं नाव लिहिलं होतं, एकाही ठिकाणी आळस केला नव्हता.

दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर म्हणालं असतं, बरोबरच आहे की, सीमा सत्तर दिवस परदेशी चाललीये, मेसला नाही, म्हणून खाडा. पण सविता काय समजायचं ते समजली. मेसला दोघीही नसणार होत्या, मग खाडा एकटीचाच कशाला? हा खाडा मेसचा नव्हता. हा बँकॉकचा होता.

तर आता बँकॉक कुठनं आलं ते सांगितलं पाहिजे.

अनुपमा नावाची एक पोरगी सणसवाडीच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. दोन वर्षं मेसला जेवली. गवारीची भाजी असली की तोंड वाकडं करायची, म्हणून सविताची तिच्यावर विशेष माया. एक दिवस पोरीनं नोकरी सोडली, पाठीवर एक सॅक टाकली आणि पाच महिने थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया अशी एकटी फिरून आली. मेसच्या ग्रुपवर रोज फोटो टाकायची. सविता फोटो बघून 'आगं बया' म्हणायची आणि कामाला लागायची. सीमाचं तसं नव्हतं. ती कणीक मळता मळता थांबायची, कोपरानं मोबाईल पुढं सरकवायची आणि एकेक फोटो बोटाला पीठ लागलेलं असताना नाकानं मोठा करून बघायची.

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली पोर ती. आई भागुबाई रेल्वेच्या दवाखान्यात आया होती. कुठली गाडी जम्मूला जाते, कुठली चेन्नईला, कुठली हावड्याला, हे सीमाला पाढ्यांसारखं पाठ. पण स्वतः बसून गेली असेल ती जास्तीत जास्त पुण्याला आणि सोलापूरला. लग्न केलं नाही. का नाही केलं असं कुणी विचारलं तर म्हणायची, "येळ मिळाला न्हाई." सणसवाडीला एका कंपनीच्या कँटीनमध्ये सविताबरोबर भाकऱ्या थापायला होती. तिथला ठेकेदार बदलला तेव्हा दोघींनी मिळून एका खोलीत मेस काढली, तेव्हापासनं हे असं.

"ताई, आपल्याला जमंल का गं असं?" सीमानं एक दिवस विचारलं होतं. चेहरा चोरी केल्यासारखा.

"काय जमंल?"

"हे. अनुपमासारखं. पाठीवर पिशवी टाकून."

सविता हसली नाही. एकोणीस वर्षांत सीमानं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. "न जमायला काय झालं?" ती म्हणाली. "पाठ हाय, पिशवी आणू."

मग काय विचारता! रोज दुपारी तीन ते पाच, भांडी घासून झाली आणि संध्याकाळची भाजी चिरायला घेतली की ह्यांची मीटिंग सुरू. मोबाईल हळदीच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि त्यात अनुपमा.

"काकू, हॉटेलात राहायचं नाही. हॉस्टेलला राहायचं. एका खोलीत आठ बेड असतात, आपल्याला एक बेड मिळतो, बाथरूम सगळ्यांना मिळून."

"म्हंजी कॉट बेसिस," सविता म्हणाली. "मग सरळ सांग की. आमचं निम्मं शिक्रापूर कॉट बेसिसवरच झोपतंय."

अनुपमा भाव सांगायची आणि सविता तो थाळ्यांत मोडायची. एका रात्रीची कॉट म्हणजे पाच थाळ्या. रात्रभराची बस म्हणजे आठ थाळ्या. स्वस्तात फिरायचं म्हणजे काय, हे तिला शिकवावं लागलं नाही. इंग्रजीचं कसं करणार, असं अनुपमानं एकदा भीत भीत विचारलं. "आगं, ओरिसाची पोरं आली तवा त्यांना तरी कुठं मराठी येत हुतं?" सविता म्हणाली. "जेवायला घातलंच ना? माणसाला भूक लागली की कळतं बरूबर."

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला तेव्हाची गंमत तर मेसमध्ये अजून सांगतात. तो म्हणाला, "मावशी, कामाला चाललाय का तिकडं?" सीमा म्हणाली, "न्हाई, फिरायला." "यात्रा कंपनी कुठली?" "कुठलीच न्हाई. आम्हीच." त्यानं एकदा सविताकडं बघितलं, एकदा सीमाकडं, मग टोपी काढून ठेवली आणि म्हणाला, "जेवायला काय हाय?" दोन भाकरी वरणाबरोबर खाऊन, सही करून गेला.

विमानात एका माणसाला सात किलोची एकच बॅग. सवितानं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिची भरलेली बॅग ठेवली तर अकरा किलो. शेंगदाण्याची चटणी, भाजणी, मेतकूट, लसूण, तव्यावर शेकलेल्या भाकरीचे वाळवलेले तुकडे. "ताई, कपडे कुठं हायत ह्याच्यात?" सीमानं विचारलं. "कपडे तिथं धुवून घालता येतात," सविता म्हणाली, "चटणी धुवून खाता येत न्हाई." शेवटी सीमानं दोन डबे काढले, सवितानं एक परत घातला. सरावासाठी सात-सात किलो ज्वारी पाठीवर घेऊन दोघी रोज पहाटे हायवेनं सणसवाडीच्या पुढपर्यंत चालत जायच्या. एकदा ओळखीचा दूधवाला मोटारसायकल हळू करून म्हणाला, "काकू, कुठवर? सोडू का?" आणि सीमा एवढी शांत बाई, ती म्हणाली, "बँकॉक. सोडतोस?"

घरचा म्हणाल तर अडथळा नव्हता. सविताचा नवरा पोपटराव म्हणाला, "जा की. मी काय उपाशी मरतोय व्हय? मेस हाय." मेस धुरपदा सांभाळणार होती, भाकऱ्या थापणारी. तिच्या मदतीला आणखी दोघी ठरवल्या होत्या. अट फक्त एकच, सीमाची: एक जानेवारी उरकल्याशिवाय निघायचं नाही. म्हणून बारा तारीख. व्हिएतनामचा व्हिसा मोबाईलवरच झाला. आता राहिली होती ती विमानाची तिकिटं, ती अनुपमा काढून देणार होती.

आणि नेमका तेव्हा हा खाडा.

सविता पातेलं घेऊन तशीच आत गेली. सीमा कणकेत पाणी घालत होती. वर बघितलं नाही.

"हे काय लिहिलंस?"

"आदल्या दिवशी सांगायचं असतं," सीमा म्हणाली. "दोन महिने आदुगर सांगितलंय."

"सीमे, चेष्टा नको करू."

"मला न्हाई जमायचं, ताई. आईकडं बघायला कोणी न्हाई."

"शेजारी पार्वतीबाई हाय. तुझा भाऊ चिंचवडला हाय. दर महिन्याला येतो की."

"न्हाई जमायचं म्हणलं ना. तू जा. धुरपदाची भाची हाय, तिला घिऊन जा सोबतीला."

इथं सविताचं डोकं फिरलं. "मी काय सोबतीला माणूस शोधतीय का? वर्षभर ज्वारी वाहिली ती कुणासाठी? मला काय पडलंय त्या बँकॉकचं? मी तर बाजारात जाऊन सुदिक दमते!" आणि पुढं जे बोलायला नको होतं ते पण बोलली. म्हणाली, "तुझ्यात हिंमतच न्हाई. नुसतं फोटो मोठं करून बघायचं तुला."

सीमानं कणकेवर ओलं फडकं टाकलं आणि बाहेर निघून गेली.

खरं सांगायचं तर सविताला बँकॉकचं खरंच काही पडलं नव्हतं. तिला सीमाला फिरताना बघायचं होतं. मोबाईलमधलं ते पाणी, त्या होड्या, त्या बुद्धाच्या मूर्ती सीमाच्या पुढं खरोखर उभ्या राहतील तेव्हा ह्या बाईचं तोंड कसं होतं, तेवढं बघायला ती सात किलोची बॅग घेऊन कुठंही गेली असती. हे तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. आणि आता बोलायची सोय राहिली नव्हती, कारण दोघींचं बोलणं बंद झालं.

एकाच स्वयंपाकघरात, एकाच शेगडीवर, सहा दिवस. दीडशे माणसांचं जेवण होतं, पण शब्द नाही. गुरुवारी आमटीत सवितानं मीठ टाकलं आणि ती भाकऱ्यांकडं वळली. मागून सीमा आली आणि तिनंही टाकलं. एरवी "मीठ टाकलं गं" एवढं सांगायची सवय, तेवढं कुणी सांगितलं नाही. पोरं गुपचूप जेवली. एक बिहारचा पोरगा ताट ठेवताना हळूच म्हणाला, "चाची, आज दाल में समुंदर आ गया." सविताला हसू आलं. तिनं मान वळवून सीमाकडं बघितलं, कारण हसायचं झालं की तिकडंच बघायची सवय. सीमाही तिच्याकडंच बघत होती. मग दोघींनी तोंडं फिरवली.

रविवारी दुपारी मेस बंद झाल्यावर सवितानं साडी बदलली आणि एसटी स्टॉपवर जाऊन उभी राहिली. सीमा तिथं आधीच उभी होती. एसटी आली, दोघी चढल्या, दोन बाकं सोडून बसल्या. कंडक्टर ओळखीचा. "दोन चौफुला का?" त्यानं विचारलं. "एक," सविता म्हणाली. "एक," मागून सीमा म्हणाली. त्यानं दोघींकडं बघितलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि दोन वेगळी तिकिटं फाडली.

चौफुल्याला उतरून दौंडच्या गाडीची वाट बघताना सीमाला राहवलं नाही. "तू कुठं चाललीस?"

"दौंडला. मावशीकडं."

"माझ्या आईकडं?"

"मावशी काय तुझ्या एकटीची हाय का?" सविता म्हणाली. "एकोणीस वर्षं तिच्या हातचं लोणचं खातीय मी."

 दौंडच्या गाडीत सीमा सविताच्या शेजारी बसली. बोलली मात्र नाही.

भागुबाई ऐंशीला टेकलेली, पण ताठ. रिटायर झाल्यावर बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरापुढं ओट्यावर बसून ती तूर पाखडत होती. "जय भीम, मावशी," सविता म्हणाली. "जय भीम, ये बाय," म्हातारी म्हणाली, आणि मग दोघींची तोंडं बघून सूप खाली ठेवलं. "काय झालंय?"

"काय न्हाई," सीमा म्हणाली.

"मावशी, आमचं परदेशात जायचं ठरलं हुतं," सविता एका दमात म्हणाली. "सत्तर दिवस. पासपोर्ट झाला, व्हिसा झाला. आन् आता ही न्हाई म्हणती. तुमच्याकडं बघायला कोणी न्हाई म्हणती."

भागुबाईनं लेकीकडं बघितलं. "मला तर तू काहीच सांगितलं न्हाईस."

सीमा वाकून सांडलेली तूर वेचायला लागली.

"आन् माझ्याकडं बघायला म्हंजी? रविवारी येतीस ती मला बघायला येतीस व्हय? येतीस, जेवतीस, झोपतीस. तुझ्या साड्या मी वाळत घालते. पार्वतीबाई दोन टाइम डोकावून जाती, तिलाच मी चहा पाजते. मला कोण बघायचं राहिलंय?"

"तसं न्हाई, आये."

"मग कसं?"

सीमाचा आवाज एकदम चिरकला. "मी तिकडं असताना तुला काय झालं तर? तू गेलीस तर? मी कुठं असंन, कुठल्या बसमधी असंन, काय करू मी तिथनं?"

झालं. इतके दिवस अडकून बसलेलं बाहेर आलं. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला. सविताला आपलं ते 'हिंमत न्हाई' आठवलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

भागुबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "तुमच्या मेसमधी ते काय म्हणतात? जेवायला यायचं नसलं म्हंजी?"

"खाडा," सविता म्हणाली.

"हां. खाडा. आदल्या दिवशी सांगायचा ना?"

"व्हय."

"मग मी सांगून ठेवते की. कवा निघायचंय तुमाला?"

"बारा जानेवारी. बावीस मार्चला परत."

"बारा जानेवारी ते बावीस मार्च," म्हातारीनं हाताच्या पेरांवर धरलं, "मरायचा खाडा. मरण आलं दारात, तर सांगन त्याला, बाबा, ह्या दिवसांत मी न्हाई, सांगितलंय आदुगर, तेवीस मार्चला ये. नंतर कुरकुर चालायची न्हाई."

सीमा आधी हसली. मग ओट्यावर बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, पन्नाशीला आलेली बाई. भागुबाई तिच्या केसांतून हात फिरवत होती. फिरवता फिरवता एक पांढरा केस सापडला तो उपटून बघत होती. सविता उगाच उठून सुपातली तूर पाखडायला लागली, कारण तिला डोळे कुठं लपवायचे कळेना.

मग चहा झाला. नकाशा दाखवून झाला. भागुबाईनं प्रत्येक देशात भाकरी मिळते का ते विचारलं. कुठंच मिळत नाही म्हटल्यावर तिनं लोणच्याची बरणी काढली आणि सीमाला दूध आणायला कोपऱ्यावरच्या डेअरीत पाठवलं.

सीमा फाटकाबाहेर गेली तशी म्हातारीनं सविताचं मनगट धरलं. पकड चांगलीच घट्ट.

"तुला एक सांगते. ती आल्यावर बोलता यायचं न्हाई."

"बोला ना, मावशी."

"खाडा-बिडा ठीक हाय. पन मी काय मालकीण हाय का त्याची? काय झालंच माझं, तर तू तिला सांगायचं न्हाई. फोन तुझ्याकडं येईल असं मी पार्वतीबाईला सांगून ठेवते. तू म्हणायचं, मावशी बरी हाय, झोपलीय. तिचे सत्तर दिवस पुरे होऊ दे."

सवितानं मनगट सोडवायला बघितलं. "मावशी, हे न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."

"व्हईल. तुझ्याच्यानंच व्हईल. म्हणून तर तुला सांगते, माझ्या लेकाला सांगत न्हाई. हे सगळं उरकायला तो हाय. तिला फिरवायला तू एकटीच हायस. म्हण, बरं म्हण."

बाहेर फाटक वाजलं. म्हातारीचे डोळे सविताच्या तोंडावर रोखलेले.

"बरं, मावशी," सविता म्हणाली.

परतीच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या. सीमाचं तोंड काय खुललं होतं! सहा दिवसांचं साठलेलं बोलणं सुरू झालं: ती होडी, तो मोठा निजलेला बुद्ध, धुरपदाला आमटीचं प्रमाण लिहून द्यायचं का तोंडी सांगायचं, अनुपमाला आजच तिकिटं काढायला लावू. सविता हूं हूं करत होती. एवढंच तर पाहिजे होतं तिला, हे तोंड. आता गप्प राहिलं की झालं. जानेवारीत विमानात बसायचं आणि देवाची कृपा झाली तर मार्चमध्ये उतरायचं, म्हातारीला काही व्हायचं नाही. कशाला उगीच?

"आई आत काय सांगत हुती तुला?" सीमानं विचारलं. "मी दूध घिऊन आले तवा हात धरला हुता तुझा."

सवितानं खिडकीतून बाहेर बघितलं. पाटस मागं पडलं होतं. 'लोणचं उन्हात ठिवू नको म्हणत हुती,' असं सांगायचं तिच्या अगदी जिभेवर आलं.

"म्हणाली, आपण तिकडं असताना ती गेली, तर तुला सांगायचं न्हाई," सविता म्हणाली. "सत्तर दिवस पुरे होईस्तवर."

सीमा तिच्याकडं वळली.

"आन् तू काय म्हणालीस?"

"बरं म्हणाले." सवितानं दम घेतला. "खोटं म्हणाले, सीमे. म्हातारीला तोंडावर खोटं बोलले. पन तुझ्यापास्नं असलं काही लपवून मला तुझ्याशेजारी बसून घास गिळायचा न्हाई. तू येणार नसशील तर नको येऊ. राग न्हाई माझा."

वरवंड आलं. माणसं उतरली, चढली. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. सविता मनात म्हणाली, घालवलं. जमत आलेलं आपल्याच तोंडानं घालवलं. आता ही पुन्हा कॅलेंडरवर लिहून ठेवणार.

"बारावीच्या परीक्षेला मी पुण्यात आईच्या बहिणीच्या घरी हुते," सीमा हळूच म्हणाली. "बाप आजारी हुता, तो मधीच गेला. माझे पाच पेपर राहिले हुते म्हणून मला कुणी सांगितलंच न्हाई. मी रोज विचारायचे, बाबा कसे हायत? सगळे म्हणायचे, बरे हायत, झोपलेत. आईनंच सांगून ठेवलं हुतं तसं. आठव्या दिवशी घरी आले तर सगळं उरकलेलं. तवापास्नं कुणी म्हणलं ना, सगळं बरं हाय, तर माझा इश्वास बसत न्हाई. म्हणून दर रविवारी जाते मी. बघून येते."

एकोणीस वर्षं. सविताला वाटत होतं, हिच्या पोटातलं आपल्याला सगळं माहीत आहे. तिनं सीमाचा हात हातात घेतला. कणीक मळून खरखरीत झालेला, स्वतःच्याच हातासारखा.

"मी सांगीन तुला," सविता म्हणाली.

"खरं?"

"खरं."

"लगीच? फोन आला की लगीच?"

सवितानं प्रामाणिकपणे विचार केला. "लगीच. फक्त तू जेवत असलीस, तर ताटावरनं उठल्यावर."

 सीमा हसायला लागली आणि हसता हसताच डोळे पुसायला लागली. शेजारच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली.

"तेवढं चालंल," सीमा म्हणाली. "तेवढं जेवू दे." आणि तिनं पिशवीतून मोबाईल काढून अनुपमाला फोन लावला.